हातात आलेलं गुंतवळ

रविवारी न्हाऊन झालं की हॉस्टेलच्या आरशासमोर एक सीन ठरलेला असतो. कुरळ्या केसांची एखादी मैत्रीण हातात केसांचा पुंजका घेऊन उभी, "माझे सगळेच केस चाललेत गं!" माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. हिंगोलीत घरी होते तोवर आज्जी तेल लावून वेणी घालून द्यायची. हॉस्टेलला आल्यावर मी बारीक दातांची फणी घेऊन कोरड्या केसांवर तुटून पडायचे. फणीचे दोन दात गेले. केस किती गेले, त्याचा हिशोबच नाही.

तर आधी हिशोब करू. कोणाचेही रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. सरळ केस गळला की ओढणीवर, उशीवर दिसतो. कुरळा केस मुळातून सुटला तरी शेजारच्या वळणात अडकून बसतो. आठवड्यातून एकदाच विंचरलं, तर 350 ते 700 केस एकदम हातात येणार! ते आज गळलेले नसतात, आज फक्त बाहेर आलेले असतात. केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला. ठिपका नाही आणि तुकडा आखूड, म्हणजे आपण तोडलेला.

हे अडकलेले केस महिनोन् महिने काढलेच नाहीत तर? तेल, धूळ, घाम बसून गुंत्याचा घट्ट दोर होतो. आपल्याकडे त्याला जट म्हणतात आणि 'देवी आली, कापली तर कोप होईल' अशी भीती घालतात. जट आली म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्या आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या ब्युटीशियन. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात त्यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या जटा कापल्या. मानेवरचं ते ओझं उतरलं आणि कोप काही झाला नाही. पोलंडमध्येही अशीच जट असायची, कापली तर आजार येतो अशीच समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राकोच्या योझेफ दीत्ल या डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध मोहीम चालवली.

आता सोडवायचं कसं? कुरळ्या केसांत टाळूचं तेल शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते कोरडे राहतात आणि एकमेकांत अडकतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर विचारूच नका. कोरडे असताना विंचरू नका. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा, चार भाग करा, आधी बोटांनी मोठे गुंते सोडवा. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि सुरुवात शेंड्यापासून करा. शेंडा मोकळा झाला की चार बोटं वर. मुळापासून खाली ओढलं की सगळे गुंते एका जागी गोळा होतात आणि तिथेच केस तुटतात. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुना सुती टी-शर्ट बरा. झोपताना सैल वेणी घाला.

डेंग्यू-टायफॉईडनंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम केस गळतात, ते बहुतेक वेळा भरून येतात. पण भांग रुंद होत चालला, गोल चकत्या पडल्या किंवा गळणं सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, तर युट्यूब बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. रक्तातलं लोह आणि थायरॉईड तपासायला ते सांगतील.

आज्जी अजूनही घरातल्या सगळ्यांचं गुंतवळ पिशवीत साठवते. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की वजन करून स्टीलची वाटी घेते. दिवाळीला गेले तेव्हा तक्रार होती, "तुहे केस कमी भरले गं यंदा."