फ्लेमिंगो डेंग्यू आणतात का?

लोकलच्या गर्दीत ज्यांचा आवाज तुटत होता, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय.

विषय निघाला आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणीतरी ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा व्हिडिओ टाकला. खाली लगेच एका काकांचा मेसेज: "हे परदेशी पाहुणेच डेंग्यू घेऊन येतात. हाकलून द्यायला पाहिजेत यांना." त्यावर धडाधड अंगठे. मी गप्प बसलो. कारण माझी धाकटी बहीण नुकतीच डेंग्यूतून उठली होती, आणि खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, असेल का तसं? म्हणून वाचायला बसलो.

उत्तर आधीच सांगतो. डेंग्यू पक्षी आणत नाहीत. पण डासांमधून पसरणारे दुसरे काही विषाणू पक्षी खरंच वाहून नेतात. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो.

आधी डेंग्यू. शहरात त्याचा प्रवास माणूस, डास, पुन्हा माणूस एवढाच. मधे पक्षी कुठेच नाही. चिकुनगुनियाचंही तेच. हा डास म्हणजे एडिस इजिप्ती. तो दिवसा चावतो, घराच्या आसपासच राहतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. वेळ पण बघा. आपल्याकडे डेंग्यूचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर असतो. फ्लेमिंगोंची मोठी गर्दी होते ती त्यानंतर, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत. आणि 'परदेशी' म्हणाल, तर यातले बरेचसे गुजरातमधून, कच्छच्या रणाकडून येतात!

आता दुसरी बाजू. वेस्ट नाइल नावाचा विषाणू आहे. १९३७ मध्ये युगांडात सापडला. त्याचं खरं घर म्हणजे पक्षी आणि क्युलेक्स डास. क्युलेक्स म्हणजे आपल्या गटारांतला, रात्री कानाशी गुणगुणणारा. आजारी पक्ष्याच्या रक्तात हा विषाणू काही दिवस भरपूर असतो. त्या दिवसांत पक्षी उडून दुसऱ्या पाणथळीवर उतरला आणि तिथल्या डासाने त्याला चावलं, की विषाणूला नवं गाव मिळालं. पुढे तोच डास माणसाला चावू शकतो. पण माणसाच्या रक्तात हा विषाणू सहसा इतका वाढत नाही, की आपल्याला चावलेला डास तो पुढे नेईल. आपण म्हणजे शेवटचं स्टेशन. लागण झालेल्या १० पैकी साधारण ८ जणांना काहीच होत नाही. साधारण १५० त एकाला मात्र मेंदूपर्यंत जाणारा गंभीर आजार होतो.

१९९९ चं न्यूयॉर्क घ्या. उन्हाळ्यात कावळे पटापट मरायला लागले. ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात तर फ्लेमिंगो मेले. त्याच वेळी माणसं मेंदूज्वराने दवाखान्यात येत होती. डॉक्टरांना आधी वेगळाच आजार वाटला. तिथल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा मात्र म्हणत राहिल्या की पक्ष्यांचं आणि माणसांचं दुखणं एकच असावं. त्यांचंच खरं निघालं. तो वेस्ट नाइल होता. म्हणजे तिथे फ्लेमिंगो आरोपी नव्हते. ते आधी बळी गेले, आणि त्यांच्यामुळेच धोका कळला.

आपल्याकडे काय? १९५२ मध्येच मुंबईतल्या लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची नोंद झाली. २०११ मध्ये केरळात आलप्पुळा भागात त्याची साथ आली. जपानी मेंदूज्वरातही पक्षी येतात, पण ते भातखाचरातले बगळे आणि वंचक, बहुतेक इथलेच. त्यांच्या जोडीला डुकरं.

पक्ष्यांवर संशय घ्यायची सवयही जुनी आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू शोधला. तो डासांतून नाही, गोचिडीतून पसरणारा होता आणि रशियातल्या एका विषाणूचा नातेवाईक निघाला. मग शंका आली: सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला का? त्या शोधासाठी सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या गेल्या. आरोप काही सिद्ध झाला नाही. पण कुठला पक्षी कुठून कुठे जातो, हे कळायला लागलं.

आता समजा, काकांचं ऐकून पक्षी हाकलले. २०१५ मध्ये अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली ही खाडी ओस पडेल. डेंग्यूचा मात्र एकही पेशंट कमी होणार नाही.

मग करायचं काय? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात साखळी तुटते. पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. खिडकीच्या जाळ्या आणि मच्छरदाणी क्युलेक्ससाठीही कामाला येतात. आणि खाडीकाठी, गांधारी पुलाजवळ किंवा पडले गावाकडे एकदम बरेच पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा.

राहता राहिली आमची गोष्ट. वाचून झाल्यावर मी घर तपासलं. बहिणीच्या टेबलावर, मनी प्लँटच्या बाटलीत, अळ्या वळवळत होत्या. ती बाटली मीच ठेवली होती, आणि पाणी बदलायचं माझ्याच लक्षात राहत नव्हतं.

त्या बाटलीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. काकांनी काही लिहिलं नाही. पण रविवारी ते गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघताना दिसले.

तुमच्या घरात पाणी कुठे साचलेलं सापडलं, ते कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!