जुनी सायकल विकताना

मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा सायकल घेतली. पुढं तो नोकरीला लागला, दारात मोटारसायकल आली, आणि ती सायकल रहिमतपूरला येऊन पडवीत उभी राहिली. रंग उडालेला, पण मोडीत घालावी अशी नाही. अठ्ठावीस इंची चाकं, दांडीचे ब्रेक, मागं भक्कम कॅरियर. अशा सायकलीला आजही गिऱ्हाईक आहे. वस्तीवरून शाळेत येणारी मुलगी आहे, गाडी गाठणारा माणूस आहे. आपलं स्टेशन काही गावाला लागून नाही. तेव्हा ती विकावी. पण कशी?

बहुतेक लोक आधी रंगाचा डबा आणतात. ते करू नये. नवा रंग पाहिला की जाणतं गिऱ्हाईक बिचकतं, कारण खाली काय झाकलंय ते त्याला कळत नाही. सायकल समोरून आदळली असेल तर हँडलखालच्या नळ्यांवर, सांध्यापाशी रंगाला सुरकुत्या पडतात. त्या असतील तर दिसू द्याव्यात, नसतील तर तेही दिसू द्यावं.

सांगाडा सरळ आहे का, हे एका सुतळीनं कळतं. मागच्या चाकाच्या आसापाशी एका बाजूला सुतळी बांधावी, पुढं हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला ताणून आणावी. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजावं. सारखं भरलं की सांगाडा सरळ. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सममितीचा धडा याहून स्वस्तात मिळायचा नाही.

चेनलाही मोजपट्टीच लावायची. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच कड्या सव्वाबारा इंचांकडे जाऊ लागल्या, म्हणजे चेन झिजली, आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दातेही गेले असणार. पायडल खटखटत असेल तर घाबरू नका. एकच दांडा हलत असेल तर कॉटर पिन बदलली की झालं, काम किरकोळ. दोन्ही दांडे एकदम हलले तर मात्र दोष आतल्या कपात आणि छर्ऱ्यांत. हे खर्च गिऱ्हाइकाला सांगून किमतीतून वजा करावेत.

ब्रेकचे रबर तेवढे स्वतःच्या खर्चानं नवे बसवा. त्यात घासाघीस नको. आणि हेही सांगा, की पोलादी रीम पावसात ओली झाली की ब्रेक उशिरा धरतो, उतारावर आधीपासूनच वेग आवरावा. शाळेची पोर आहे, तिला हे कोण सांगणार?

विकणाऱ्यानं एवढं करायचं का, असं कुणी म्हणेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांचे बंधू रामुअण्णा सायकल विकत आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत. पुढं १९१० साली त्याच घराण्यानं किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या स्टेशनवरून मिरजेकडे जाताना ती लागते.

आता कागदाचं. वस्तू-विक्री कायदा १९३० सालचा. त्याप्रमाणे ज्याची मालकी नाही त्यानं विकलेली वस्तू सहसा घेणाऱ्याची होत नाही. चोरीची सायकल पैसे मोजून घेतली, तरी मूळ मालक ती मागू शकतो. म्हणून जुनी पावती असेल तर ती शोधून द्यावी. सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, सीटच्या नळीवर किंवा पायडलांच्या मधल्या नळीखाली. चिंधीनं वंगण पुसलं की वाचता येतो. साध्या कागदावर हा नंबर, तारीख, किंमत आणि सांगितलेले दोष लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एक प्रत आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. पंप असेल तर सोबत द्या. आणि कुलपाची दुसरी किल्ली देवळीत राहिली असेल, तीही आठवणीनं काढून ठेवा.