टॅक्सी, ॲप-आधारित

मोबाइल फोनवरील ॲपच्या साहाय्याने प्रवासी व मोटारचालक यांची गाठ घालून देणारी आणि त्याबद्दल भाड्यातील काही हिस्सा किंवा ठराविक शुल्क घेणारी भाड्याच्या वाहनांची व्यवस्था. रस्त्यावर हात दाखवून थांबविल्या जाणाऱ्या किंवा तळावर मिळणाऱ्या मीटरच्या टॅक्सीपेक्षा ही व्यवस्था दोन बाबतींत भिन्न आहे. एक म्हणजे तीत प्रवासी व चालक एकमेकांना प्रत्यक्ष शोधीत नाहीत. दुसरे म्हणजे भाडे शासनाने तपासून मोहोरबंद केलेल्या यंत्रावर मोजले जात नसून कंपनीच्या संगणकात ठरते. पहिल्या फरकामुळे मिळणाऱ्या सोयीची चर्चा पुष्कळ झाली आहे. या सेवेच्या न्याय्यतेचा विचार करताना मात्र दुसरा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

मीटर व परवाना : भाड्यावरून होणारा तंटा भाड्याच्या वाहनाइतकाच जुना आहे. लंडनमधील भाड्याच्या घोडागाड्यांवर सतराव्या शतकापासून कायद्याचे नियंत्रण होते, तरी अंतर किती झाले हे मोजण्याचे खात्रीचे साधन नव्हते. जर्मन संशोधक फ्रीड्रिख व्हिल्हेल्म गुस्टाव्ह ब्रून याने १८९१ मध्ये तयार केलेल्या टॅक्सीमीटरने ती उणीव भरून काढली आणि वाहनाला आजचे नावही त्या यंत्रावरूनच मिळाले. मीटरचे खरे वैशिष्ट्य त्यातील दंतचक्रांत नव्हते. चालक आणि प्रवासी या दोघांना एकच आकडा एकाच वेळी दिसतो आणि तो दोघांपैकी कोणाच्याही हातचा नसतो, हे ते वैशिष्ट्य होय. दर शासन ठरविते, यंत्राची तपासणी शासकीय खाते करते आणि चालकास बिल्ला व परवाना घ्यावा लागतो. पर्यायाने, गाडीत बसणाऱ्या अनोळखी व्यक्तीने घासाघीस न करता तिच्यावर विश्वास टाकावा, अशी ही योजना आहे.

मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरियांच्या जोडीला मोटार-टॅक्सी १९११ मध्ये आली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही काळ्या-पिवळ्या रंगांतील मोटार या शहराची खूणच होऊन बसली. या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाली. माहीम-शीवच्या दक्षिणेस रिक्षांना मनाई असल्यामुळे शहराच्या जुन्या भागात टॅक्सी हेच भाड्याचे मुख्य छोटे वाहन राहिले.

ही व्यवस्था निर्दोष मात्र कधीच नव्हती. तिच्या दोषांकडे डोळेझाक करून ॲपवर टीका करणे योग्य होणार नाही. डाव्या बाजूस बाहेर बसविलेल्या यांत्रिक मीटरवरचा आकडा हे प्रत्यक्ष भाडे नसे. भाडेवाढ झाली की दरपत्रक पाहून त्या आकड्याचे रूपांतर करावे लागे. दरपत्रक जुने की नवे, खरे की बनावट, यावरून वाद होत आणि मीटर पळविण्याचे प्रकारही घडत. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाल्यानंतर हा घोळ बराच कमी झाला. भाडे नाकारण्याचा रोग मात्र टिकून राहिला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चालकाने भाडे नाकारणे हा दंडनीय अपराध आहे. तरीही ‘गॅस भरायचा आहे’, ‘गाडी सोडायची वेळ झाली’ ही उत्तरे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. जवळच्या अंतरासाठी, अवेळी किंवा पावसात रुग्णालयाकडे निघालेल्या वृद्धाला हीच उत्तरे ऐकावी लागत, तेव्हा कायद्यातील कलम त्याच्या उपयोगी पडत नसे.

नाकारण्यामागे चालकाचा हिशेबही असतो. पुष्कळ चालक गाडीचे मालक नसतात. पाळीचे ठराविक भाडे मालकाला देऊन आणि इंधनाचा खर्च काढून जे उरेल ती त्यांची कमाई. परतीचे भाडे मिळणार नाही अशा ठिकाणी जाणे म्हणजे अर्धी पाळी वाया घालविणे होय. त्यातच १९९७ मध्ये नव्या परवान्यांवर निर्बंध आल्याने हातात असलेल्या परवान्याला स्वतःचीच एक किंमत आली आणि तिचा लाभ गाडी चालविणाऱ्यापेक्षा परवाना बाळगणाऱ्याला अधिक झाला. हाच प्रकार न्यूयॉर्कमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडला. तेथे १९३७ च्या कायद्याने टॅक्सींची संख्या मर्यादित केल्यानंतर परवान्याचा धातूचा बिल्ला खरेदी-विक्रीची वस्तू बनला. २०१४ च्या सुमारास त्याची किंमत दहा लाख डॉलरांवर गेली होती. ॲपच्या गाड्या आल्यावर ती कोसळली आणि कर्ज काढून बिल्ला घेतलेले चालक, त्यांत दक्षिण आशियातून गेलेले अनेक, देशोधडीला लागले. २०२१ मध्ये चालकांनी उपोषण केल्यानंतर शहराने त्यांच्या कर्जाची फेररचना मान्य केली.

ॲपची कार्यपद्धती : उबर ही कंपनी २००९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापन झाली, ओला ही भारतीय कंपनी मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या दोन पदवीधरांनी २०१० मध्ये काढली. उबर २०१३ मध्ये बंगळूर येथे भारतात आली. तत्पूर्वी, २००७ पासून, मुंबईत दूरध्वनीवरून मागविता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सींचे ताफे सुरू झाले होते. ॲपने त्यातील दूरध्वनी-केंद्र काढून टाकले. उपग्रहांच्या साहाय्याने प्रवासी व जवळच्या गाड्या यांची स्थाने निश्चित होतात, संगणक त्यांतील एका चालकाकडे विचारणा पाठवितो, आणि चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, मार्ग व अंदाजी भाडे प्रवाशास आधीच कळते. प्रवास संपल्यावर दोघे एकमेकांना गुण देतात.

या पद्धतीची व्यावहारिक बाजू भक्कम आहे. रिकामी गाडी फिरविण्यात जाणारा वेळ व इंधन वाचते. अमेरिकेतील शहरांसंबंधी क्रेमर व क्रूगर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उबरचालकाच्या वेळेपैकी प्रवासी गाडीत असण्याचे प्रमाण टॅक्सीपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक आढळले. त्याच अभ्यासात न्यूयॉर्कमध्ये हा फरक नगण्य ठरला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जेथे वस्ती दाट आहे आणि हात दाखविताच टॅक्सी मिळते तेथे ॲपमुळे फारसे काही वाचत नाही. मुंबईत फोर्ट-काळबादेवीचा परिसर या प्रकारचा आहे. अंधेरी-बोरिवलीच्या आतील वसाहती किंवा पुण्याची उपनगरे तशी नाहीत. ‘ॲप की टॅक्सी’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एकाच शहरातही सर्वत्र सारखे येणार नाही.

रस्त्यावरील एकूण वाहतुकीवर होणारा परिणाम वेगळाच आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये २०१० ते २०१६ या काळात वाहतुकीच्या खोळंब्यातील वाहन-तास ६२ टक्क्यांनी वाढले. ॲपच्या गाड्या नसत्या तर ही वाढ २२ टक्के झाली असती, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचे अनुमान आहे. एकेकट्या प्रवाशाची सोय आणि सर्वांच्या रस्त्याची सोय या दोन गोष्टी एकच नव्हेत.

सुरक्षिततेबाबत गाडीचा माग राहणे हा मोठा लाभ आहे आणि रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी तो ओळखला आहे. तथापि नोंद असणे म्हणजे चालकाची पडताळणी झालेली असणे नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने एका प्रवासी स्त्रीवर बलात्कार केला, तेव्हा त्याची पूर्वपीठिका नीट तपासलीच गेली नव्हती, असे उघड झाले. भाडे नाकारण्याचा रोगही ॲपने समूळ घालविलेला नाही. तो आता ‘रद्द करणे’ या नावाने दिसतो. चालक फोन करून कोठे जायचे व पैसे रोख देणार का, हे विचारतो आणि उत्तर न पटल्यास येत नाही. बॉस्टन येथील २०१६ च्या एका पाहणीत कृष्णवर्णीय वाटणारी नावे धारण करणाऱ्या प्रवाशांच्या फेऱ्या उबरचालकांनी इतरांच्या दुपटीहून अधिक वेळा रद्द केल्याचे दिसून आले. टॅक्सीवाला चेहरा पाहून पुढे निघून जाई, येथे नाव वाचून जातो.

भाडे कोण ठरवितो : मुंबईतील टॅक्सीचे दर परिवहन प्राधिकरण ठरविते. त्यासाठी प्रथम हकीम समितीचे आणि नंतर खटुआ समितीचे सूत्र वापरण्यात आले. वाहनाची किंमत, विमा, इंधन, दुरुस्ती व चालकाचा निर्वाह असे घटक त्यात धरले जातात. दर वाढले की वृत्तपत्रांतून वाद होतो, प्रवासी व चालक या दोघांनाही ते अन्यायाचे वाटतात. पण ते जाहीर असतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे टॅक्सीसाठी ३१ रुपये व रिक्षासाठी २६ रुपये झाले, ते धो धो पावसातही तेवढेच.

ॲपवरील भाडे मागणीनुसार चढते-उतरते. भाडे वाढले की अधिक चालक रस्त्यावर येतात आणि ज्याला खरी निकड आहे त्याला गाडी मिळते, असे याचे समर्थन करतात. अर्थशास्त्रदृष्ट्या ते निराधार नाही. निकड आणि ऐपत या गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही, हा त्यावरील आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. लोकलगाड्या बंद पडलेल्या दिवशी दुप्पट भाडे देऊ शकणारा व खरी निकड असलेला हे दोन वेगळे प्रवासी असू शकतात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केली होती. जुलै २०२५ च्या तत्त्वांत ती मर्यादा दुपटीपर्यंत नेण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये, फोनच्या प्रकारानुसार निरनिराळे भाडे दाखविले जाते अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला व उबर यांना नोटिसा दिल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. आरोप खरा की खोटा याहून अधिक बोलका भाग असा, की शेजारी बसलेल्या प्रवाशाला किंवा चालकाला त्याची शहानिशा करण्याचा काही मार्गच नव्हता. मीटरने जी गोष्ट उघड्यावर आणली होती ती पुन्हा झाकली गेली.

चालकाचे स्थान : प्रारंभीच्या वर्षांत कंपन्यांनी प्रवाशांना सवलती व चालकांना मोठी बक्षिसे दिली. त्या कमाईवर विसंबून अनेकांनी कर्ज काढून मोटारी घेतल्या. गुंतवणूकदारांचा पैसा आटू लागताच बक्षिसे घटली. हप्ते मात्र कायम राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईत या चालकांनी केलेल्या दीर्घ संपाचे मूळ त्यात होते. प्रवाशाला त्या काळात मिळालेले स्वस्त भाडे हे तंत्रज्ञानाचे फळ जेवढे होते त्यापेक्षा अधिक प्रमाणात ते तोटा सोसून केलेल्या विक्रीचे फळ होते, असे म्हणावे लागते.

कंपन्या चालकांना नोकर न मानता स्वतंत्र व्यावसायिक किंवा ‘भागीदार’ मानतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी हा युक्तिवाद अमान्य केला. भाडे कंपनी ठरविते, कराराच्या अटी तीच घालते, फेऱ्या नाकारणाऱ्या चालकाला तीच दंडित करते, गुणांच्या आधारे कामावर देखरेख ठेवते आणि प्रवाशाशी त्याचा संबंध जुळू देत नाही. मग तो स्वतंत्र व्यावसायिक कसा, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यानंतर तेथील चालकांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क मिळाला. कॅलिफोर्नियात याउलट घडले : २०२० च्या जनमताने चालकांना स्वतंत्र व्यावसायिकच ठरविले. भारतात मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा मध्यस्थ कंपन्यांना प्रथमच परवान्याच्या कक्षेत आणले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी अशी तरतूद असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. चालक नोकर आहे की नाही, या मूळ प्रश्नाला मात्र तिने बगल दिली आहे.

गोव्यातील अनुभव : परंपरागत टॅक्सीचा पक्ष घेताना गोव्याचे उदाहरण नजरेआड करता येत नाही. तेथे संघटित टॅक्सीमालकांच्या विरोधामुळे ओला, उबर यांना पाय रोवता आले नाहीत. पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवामाइल्स या सेवेलाही मोठा विरोध झाला. पर्यटनावर जगणाऱ्या किनारपट्टीवरील कुटुंबांची परक्या कंपनीविषयीची धास्ती समजण्याजोगी आहे. परंतु तेथील टॅक्सीमालकांनी मीटरलाही दीर्घकाळ विरोध केला. त्यामुळे पर्यटकाला ना मीटरचे भाडे मिळाले ना ॲपचे, आणि चालकांच्या रास्त मागण्यांमागची सहानुभूतीही ओसरली.

पर्यायी प्रयोग : बंगळूर येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या नम्म यात्री या सेवेने भाड्यातील हिस्सा घेणे टाळले व नंतर चालकांकडून रोजचे अल्प शुल्क घेण्याची पद्धत अवलंबिली. ती लोकप्रिय होताच २०२५ मध्ये उबर व ओला यांनीही रिक्षांसाठी हिश्श्याऐवजी शुल्काची पद्धत आणली. या पद्धतीत उबरच्या रिक्षाप्रवाशाला ॲप केवळ भाडे सुचविते. प्रत्यक्ष रक्कम त्याने चालकाशी बोलून ठरवावी आणि थेट त्याच्याच हाती द्यावी, असे कंपनीने जाहीर केले.