वळणांची नावे

मराठीच्या मास्तराला मोटारसायकलींच्या शर्यतीचे काय, असे आपण म्हणाल. पण मला नाद नावांचा! आयरिश समुद्रातील मॅन बेटावर रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवरून सुमारे पावणेअडतीस मैलांची एक फेरी आहे. १९११ पासून तिच्यावर शर्यती होत आल्या. हौशी स्वारांची निराळी शर्यत १९२३ ची. कडेला दगडी भिंती अन् घरांचे उंबरे!

तिथे एक 'बर्किनचे वळण' आहे. १९२७ साली सराव करताना आर्ची बर्किन मासळीची गाडी चुकवायला गेला आणि प्राणांस मुकला. तोवर सरावाच्या वेळी रस्ते वाहतुकीला खुलेच असत. वर डोंगरात जिमी गथ्रीचे स्मारक आहे. तो १९३७ साली जर्मनीतल्या शर्यतीत गेला. पण बेटावरची त्याची अखेरची धाव जिथे थांबली, तिथे हे स्मारक उभे राहिले.

आजवर या मार्गाने अडीचशेहून अधिक स्वारांचे बळी घेतले. मागे उरलेले तरीही येतात, आणि गेलेल्याचे नाव घेऊनच वळणाची खूण सांगतात. याला वेड म्हणावे की धैर्य, ते वाचकांनी ठरवावे. मला मात्र बर्किनचे खरे स्मारक निराळेच वाटते. १९२८ पासून सरावासाठीही रस्ते बंद होऊ लागले. पुढच्या पोरांना समोरून मासळीची गाडी आली नाही!