ॲक्सल जॉइंटची पाहणी : बुटाचा खर्च थोडा, जॉइंटचा फार

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजी मोटार गॅरेजवर आणि सुट्या भागांच्या दुकानावर चालते. जुन्या पिढीच्या उस्तादांचा हात ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्यांवर बसला. या गाड्यांत इंजिनाची ताकद लांब दांड्यावरून मागच्या चाकांना जात असे. त्या दांड्याचा ‘क्रॉस’ झिजला की गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज येई आणि उस्ताद तो दुरूनच ओळखत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिची पुढची चाके गाडी ओढतात आणि तीच वळतातही. ही दोन्ही कामे एकाच वेळी साधणारा भाग म्हणजे ॲक्सलचा जॉइंट. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. परंतु जुन्या गाड्या दुरुस्तीला येतातच. म्हणून या जॉइंटची माहिती आम्ही येथे देत आहोत.

जॉइंट कसा असतो?

पुढच्या प्रत्येक चाकाच्या ॲक्सलला दोन जॉइंट असतात. एक चाकाकडे, एक गिअरबॉक्सकडे. म्हणजे एका गाडीत चार. चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे पोलादाच्या सहा गोळ्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात. या गोळ्या खाचांतून सरकतात, म्हणून चाक पूर्ण वळले तरी ताकद एकसारखी पोहोचते. गिअरबॉक्सकडचा जॉइंट काही गाड्यांत गोळ्यांचा, तर काहींत तीन रोलरचा असतो. चाक खाली-वर होताना ॲक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. ते काम हा करतो.

या जॉइंटला ग्रीसची निपल नसते. कारखान्यात भरलेली ग्रीस रबरी बुटाने कोंडलेली असते. बूट शाबूत असेल तर जॉइंट वर्षानुवर्षे चालतो. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडते, आत पाणी आणि धूळ जाते. त्या धुळीने गोळ्या आणि खाचा घासल्या जातात. मग दुरुस्ती उरत नाही, जॉइंटच बदलावा लागतो. बुटाची किंमत जॉइंटच्या किमतीचा लहानसा हिस्सा आहे. सारा हिशेब येथेच आहे.

पाहणी

तेल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीचे चारही बूट पाहावेत. यास पाच मिनिटे लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून बुटाच्या घड्या बोटांनी ताणून पाहाव्या. बारीक भेगा घडीच्या तळाशी लपतात. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला असे समजावे. पट्ट्या सैल झाल्या आहेत का, हेही पाहावे.

नंतर मोकळ्या जागेत गाडी पूर्ण वळणावर हळू चालवून किंचित ॲक्सिलरेटर द्यावा. ‘कट्‌कट्’ आवाज आला तर चाकाकडचा जॉइंट झिजला. सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते; खड्ड्यातला ठोका सस्पेन्शनचा असू शकतो. नीट न पाहता ॲक्सल उतरवू नये.

दुरुस्ती करताना

ॲक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. गाडी उचलल्यावर खाली पक्की घोडी लावावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नये, शागीर्दाला तर मुळीच पाठवू नये. गिअर ऑइल आधी काढून घ्यावे. ॲक्सल दांड्याला धरून ओढू नये, त्याने आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्सजवळ पहार लावून तो सोडवावा.

काही गाड्यांत चाकाकडचा जॉइंट दांड्यावरून निघत नाही. तेथे ठोकाठोक न करता आतला जॉइंट काढून दोन्ही बूट त्या बाजूने चढवावेत. खोलण्यापूर्वी भागांवर रंगाची खूण करावी, म्हणजे जोडणी जशीच्या तशी होते. जुनी ग्रीस रॉकेलने धुऊन भाग पूर्ण कोरडे करावेत. गोळीवर खड्डे, पिंजऱ्याला चीर किंवा खाचेत नखाला लागणारी कड असेल तर तो जॉइंट बाद.

ग्रीस मोलिब्डेनमयुक्त, याच कामाची हवी. साधी चॅसिस ग्रीस चालत नाही. बूट बसवल्यावर त्याची कड किंचित उचलून कोंडलेली हवा सोडावी आणि पट्ट्या आवळाव्यात. तार किंवा ट्यूबची पट्टी बांधणे म्हणजे काम दुसऱ्यांदा ओढवून घेणे. लॉकची रिंग, ऑइल सील आणि ॲक्सलचा नट नवे घालावेत. गिअर ऑइल भरायला विसरू नये.

दुकानदारांसाठी

नुसता बूट न ठेवता पट्ट्या आणि ग्रीससह संच ठेवावा. वर्षानुवर्षे उन्हात पडलेले रबर कडक होते. असा माल देऊ नये. कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या बाजारातून जुना ॲक्सल आणणाऱ्याने बूट सारून आत पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

इमानाचा प्रश्न

फाटलेला बूट दिसला, पण आवाज नाही, तेव्हा काही जण वेळ वाचवण्यासाठी पूर्ण ॲक्सलच गिऱ्हाइकाच्या माथी मारतात. उलट काही जण झिजलेल्या जॉइंटवर नवा बूट चढवून ‘काम झाले’ म्हणतात. पहिल्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो. दुसऱ्यात जॉइंट तुटला तर गाडी भररस्त्यात, कुटुंबासह, जागीच थांबते. धान्याच्या ढिगात हात घालून वरचे कोरडे आणि आतले ओले धान्य उघडकीस आणणाऱ्या पैगंबर साहेबांची (स.) शिकवण व्यापाऱ्याइतकीच कारागिरालाही लागू आहे. बुटाखालचा जॉइंट गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो आपल्या हाती अमानत आहे.

म्हणून काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा, दोष बोटाने दाखवून समजवावा आणि खर्च आधी सांगावा. वेळेवर बदललेल्या बुटाची मजुरी थोडी असेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या कामालाही आपल्याच दारात येते. धंद्याची बरकत यातच आहे.