त्वचेच्या भिंतीची डागडुजी

चेहरा धुताच त्वचा ओढल्यासारखी होणे, एरवी चालणारे क्रीमही झोंबणे, गालांवर लाली येऊन बारीक पापुद्रे सुटणे, या तक्रारींना बहुतेकजण 'कोरडी त्वचा' असे नाव देतात आणि हाती लागेल ते चोपडू लागतात. प्रत्यक्षात पुष्कळदा त्वचेचे संरक्षक आवरणच विरलेले असते.

हे आवरण म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा, केसाहूनही पातळ थर. अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी त्याला दिलेली विटांच्या भिंतीची उपमा आता सर्वत्र रूढ झाली आहे. मृत पेशी या विटा आणि त्यांच्या फटींमधील स्निग्ध द्रव्ये हे सिमेंट. या सिमेंटचा जवळपास निम्मा भाग सेरामाइडचा. उरलेल्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल व मेदाम्ले. (रक्तातल्या ज्या कोलेस्टेरॉलचा सारे धसका घेतात, ते येथे उपकारक ठरते!) सिमेंट झडले की आतील ओलावा उडून जातो आणि बाहेरचे दाहक पदार्थ आत शिरतात.

इसबाच्या काही रुग्णांत सेरामाइड मुळातच कमी असते. इतरांच्या बाबतीत दोष बहुधा निगा राखण्याच्या अतिरेकाचा. निरोगी त्वचेचा सामू 5 च्या आसपास, तर साबणाच्या वडीचा 9 ते 10. त्यात स्क्रब आणि आम्लयुक्त सीरमची भर पडते. म्हणून पहिला उपाय खरेदीचा नव्हे, थांबण्याचा आहे. हे सारे चालू ठेवून वर सेरामाइड लावणे म्हणजे एका हाताने भिंत लिंपून दुसऱ्याने खरवडणे होय.

क्रीम निवडताना डब्यावरील 'सेरामाइड' या एका शब्दावर भुलू नये. इलायस व सहकाऱ्यांनी 1993 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत एकट्या सेरामाइडने त्वचा भरून येण्यास उलट विलंबच झाला. तिन्ही घटक योग्य प्रमाणात दिल्यावर मात्र ती लवकर सावरली. तेव्हा घटकांच्या यादीत कोलेस्टेरॉल व मेदाम्लेही शोधावीत. सुगंध नसलेले क्रीम बरे. स्नानानंतर अंग किंचित ओलसर असतानाच ते लावावे, दिवसातून दोनदा. वरची त्वचा नवी होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. आठ दिवसांत क्रीम बदलणाऱ्यांना गुण कसा येणार?

एका प्रकारात मात्र घरगुती डागडुजी पुरत नाही. गोरेपणासाठी स्टेरॉइडमिश्रित मलमे महिनोन्‌महिने लावणाऱ्यांचे हे आवरण औषधानेच पातळ झालेले असते. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने 2018 मध्ये मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. मलम बंद करताच चेहऱ्याची आग होते, घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो आणि हे चक्र सुटत नाही. ते मलम कसे सोडवायचे हे त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायचे. सेरामाइडचे काम तेथे केवळ सोबतीचे.