आधी रिसीव्हर उचला

२००१ च्या सुमारास नागपुरात घरचं इंटरनेट रुसलं, की बर्डीवरच्या एखाद्या संगणकाच्या दुकानातून माणूस बोलावला जाई. तो यायचा, सीपीयूच्या मागे हात घालून टेलिफोनची वायर उपसायचा, ती साध्या फोनला लावायचा आणि रिसीव्हर कानाशी धरून नुसता उभा राहायचा. घरचे चुळबुळत. बिघाड कॉम्प्युटरात, आणि हा फोन काय ऐकतोय?

"काहून जी, आतल्या खोलीत पॅरलल फोन आहे का?"

बहुतेक वेळा असायचाच. तो कुणी उचलला की कनेक्शन गेलंच. नाहीतर भिंतीवरच्या डबीतला स्क्रू गंजलेला, किंवा गच्चीवरून आलेल्या वायरचा जोड पावसात भिजलेला. बोलणाऱ्याला थोडी खरखर चालते, राहिलेला शब्द तो अंदाजानं भरून काढतो. मॉडेमला अंदाज परवडत नाही. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात त्याला सगळा मजकूर कोंबायचा असतो. १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० पद्धतीत ५६ केबीपीएसपर्यंत वेग मिळे, पण तोही एका अटीवर: वाटेत अ‍ॅनालॉग-डिजिटल अदलाबदल एकदाच झाली पाहिजे. ऑफिसातलं अंतर्गत एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, मध्ये आलं, की वेग ३३.६ किंवा त्याहून खाली. अशा ठिकाणी थेट लाइन घ्या, एवढाच सल्ला.

लाइन स्वच्छ निघाली तर मेकॅनिक मॉडेमचा स्पीकर सुरू करी. तो किंचाळतो म्हणून घरोघरी बंद केलेला असे. वास्तविक त्याच्याइतकं प्रामाणिक उपकरण त्या टेबलावर दुसरं नव्हतं. नंबर फिरला, की पलीकडून आधी २,१०० हर्ट्‌झची लांब शिट्टी येते. वाटेतल्या यंत्रणेनं प्रतिध्वनी दाबण्याचं काम थांबवावं, म्हणून ती असते. मग चरचर, दोन टणत्कार आणि शेवटी फस्स. शिट्टी आलीच नाही, तर पलीकडे कुणी उचललंच नाही. चरचर पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागली, तर दोन्ही मॉडेमचं वेगावर जमत नाहीये. विंडोज हेच आकड्यांत सांगे: ६७६ म्हणजे एंगेज, ६७८ म्हणजे उत्तर नाही, ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला.

६८० मात्र चक्रावून टाकी. फोनला टोन आहे, आणि पडद्यावर 'डायल टोन नाही'! आधी वायर मॉडेमच्या 'लाइन' खाचेत आहे की चुकून 'फोन'च्या, ते बघायचं. ती बरोबर असेल तर देशाची सेटिंग. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ यांच्या मिश्रणाचा, आपला ४०० चा, तोही २५ हर्ट्‌झनं थरथरणारा. मॉडेम अमेरिकी टोनची वाट बघत बसला तर त्याला भारतीय टोन ओळखू येईलच असं नाही. देश बदलायचा, नाहीतर जादा कमांडच्या चौकटीत एक्स३ टाकायचं. मग तो टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरवी.

या धडपडीचे पैसेही पडत, पण प्रत्येक वेळी नाही. एंगेज लागलं किंवा उत्तर आलं नाही, तर मीटर हलत नसे. पासवर्ड चुकला तर मात्र पलीकडच्या मॉडेमनं फोन उचललेला असायचा, म्हणजे एक कॉल गेला.

नवतपा सरून मृगाच्या आधीची वादळं सुरू झाली, की दुसऱ्याच तक्रारी येत. विजा चमकू लागल्यावर लोक शहाणपणानं विजेचा प्लग काढत. टेलिफोनची वायर तशीच राही. विजेचा लोट तिच्यातून येई. बाहेरचा मॉडेम असला तर बहुधा तेवढाच जळे. आतलं पीसीआय कार्ड मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकत असे.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं 'डेटावन' ब्रॉडबँड आणलं, त्याच तांब्याच्या जोडतारेवर. आवाज खालच्या पट्ट्यात, डेटा त्याच्या बराच वर. फोन उचलला तरी नेट चालू. मात्र आतल्या खोलीतला फोन आवाज आणि डेटा वेगळे करणाऱ्या स्प्लिटरला वळसा घालून थेट लाइनला जोडलेला असला, की रिसीव्हर उचलताच कनेक्शन डळमळे. मेकॅनिकच्या पिशवीत ड्रायव्हरच्या सीड्यांशेजारी आता दोनचार फिल्टर आले.